सव्वा महिन्याची वही

धुळे-जळगावकडच्या बायकांना पहिल्या बाळंतपणाचं विचारलं, की बहुतेक जणी हंगामापासून सुरुवात करतात. ऐन मे होता, नाहीतर संक्रांतीची थंडी होती. मग ओव्या-शेपांच्या धुरीचा वास, बाजेखालची शेगडी, आईच्या हातचे डिंकाचे लाडू, रात्रीची अर्धवट झोप आणि घरी आलेल्या प्रत्येक बाईचा वेगळा सल्ला. आठवणी भरभरून निघतात. पण बाळ पिवळं कधी दिसलं, पंधराव्या दिवशी वजन किती होतं, पहिल्या आठवड्यात दिवसाला किती वेळा शू करायचं, असं विचारलं की त्याच बायका हसून मान हलवतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. टाके दुखत असताना, दोन-दोन तासांनी उठत काढलेल्या दिवसांचा हिशेब कुणाच्या डोक्यात राहणार?

पंचाईत एवढीच, की बाळ आजारी पडलं तर डॉक्टरला नेमका हाच हिशेब हवा असतो.

उपाय साधा आहे. बाळ घरी यायच्या आधीच एक शंभर पानी वही आणि पेन्सिल बाळंतिणीच्या उशाशी ठेवून द्यावी. पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधलेली बरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती मोठ्या भावंडाच्या दप्तरात सापडते. वर तारीख आणि खाली चार रकाने: किती वेळा पाजलं, शू किती वेळा, शी किती वेळा व कुठल्या रंगाची, आणि बाळात काही वेगळं वाटलं का. पहिल्या तीन रकान्यांसाठी नुसत्या रेघा पुरतात, आणि त्या बाळाचा बाप, आजी, मावशी, कुणीही माराव्यात. चौथा रकाना मात्र आईचा. ‘आज पिताना लवकर दमतंय’, ‘रडणं बारीक वाटतंय’ असं ती म्हणाली तर ते तिच्याच शब्दांत उतरवावं. बाळाचा बदल सगळ्यांत आधी तिच्या लक्षात येतो, आणि घरातल्या गर्दीत सगळ्यांत कमी ऐकलं जातं तेही तिचंच, विशेषतः ती वीस-बावीस वर्षांची असली की.

बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं ही आपली जुनी रीत. सरकारी आरोग्ययंत्रणेचं वेळापत्रकही जवळपास तेवढंच, ४२ दिवसांचं आहे, आणि त्याचा उगम महाराष्ट्रातलाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतल्या स्थानिक बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं ही कामं थोडंफार शिकलेल्या बायका करू लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतलं नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. भारतात पाच वर्षांखालची जेवढी मुलं दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक पहिल्या २८ दिवसांतच जातात. म्हणून हा सगळा खटाटोप.

आज नियम असा आहे: प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक फेरी. ती काटा आणि थर्मामीटर घेऊन येते, बाळाचं वजन व ताप बघते, श्वास मोजते, आईचीही चौकशी करते. याचे पैसे तिला सरकार देतं. घराने द्यायचे नसतात. तिला दारातच चहा पाजून परत पाठवू नये, बाळ उघडं करून वजन करू द्यावं. ‘बाळ झोपलंय, उद्या या’ म्हणून टाळलेली फेरी सहसा टळतेच.

इथे खानदेशातली, खरं तर सगळ्या महाराष्ट्रातली, एक अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी, तपासण्या, गोळ्या सगळं सासरच्या गावी, धुळे तालुक्यात. आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी येते पाचोऱ्याला किंवा चोपड्याला. सासरच्या आशाताईच्या यादीत नाव आहे पण बाई गावात नाही, माहेरच्या आशाताईला तर कुणी काही कळवलेलंच नाही. दोन गावांच्या मध्ये बाळाच्या फेऱ्या हरवतात. म्हणून माहेरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन तिथल्या आशाताईला किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना भेटून यावं. आपल्याकडे या कार्डाची किंमत लोकांना कळत नाही. ते पिशवीच्या तळाशी चुरगळून जातं. जपानमध्ये अशाच आई-बाळाच्या पुस्तिकेची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे रुजली आणि बायका ती मुलं मोठी होईपर्यंत जपून ठेवतात. इंग्लंडला गेलेल्या मराठी मुलींनाही तिथली आरोग्यसेविका बाळाचं लाल पुस्तक हातात देते. आपलं कार्ड त्याच जातीचं आहे. एका प्लास्टिकच्या पाकिटात कार्ड, दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद आणि ही वही एकत्र ठेवली तर रात्री दीड वाजता शोधाशोध होत नाही.

आता पाजण्याविषयी. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक पिळून टाकायचा, बाळाला गुळाचं पाणी किंवा मधाचं बोट चाटवायचं, ही पद्धत पूर्ण गेलेली नाही. चीक थोडाच येतो; बाळाचं पोटही तेवढंच असतं आणि रोगाशी लढणारे घटक त्यातच सगळ्यांत जास्त असतात. मध तर वर्षभर नकोच. त्यातून क्वचित का होईना, बोटुलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो. जन्मल्यावर तासाभरात छातीशी आणि मग सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं किंवा थेंब तेवढे अपवाद.

आठवडा उलटतो आणि घरात कुणीतरी म्हणतंच: ‘पोऱ्यानं पोट भरस नही.’ कारण बाळ रडतं, संध्याकाळी तर तास-दीड तास सुटतच नाही. लगेच गाईच्या दुधात पाणी घालून वाटी-चमचा निघतो, किंवा पावडरचा डबा येतो. खरं म्हणजे संध्याकाळी पुन्हा पुन्हा पिणं हा नवजात बाळांचा स्वभाव आहे, आणि बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. वरचं दूध सुरू केलं की बाळ ओढेनासं होतं आणि मग खरोखरच दूध आटतं. पोट भरतंय की नाही याचा निकाल रडण्यावरून लावायचा नसतो. तो वहीतल्या रेघांवरून लावायचा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट शू होत असेल, बाळ आठ ते बारा वेळा पीत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्के घट होते, म्हणजे तीन किलोचं बाळ दोन किलो सातशेपर्यंत उतरू शकतं. दहा ते चौदा दिवसांत ते मूळ वजनावर यायला हवं. तिथून पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅमची वाढ धरावी. चौदाव्या दिवशीही वजन जन्माइतकं झालं नसेल तर डबा आणण्याआधी पाजण्याची पद्धत कुणाकडून तरी बघून घ्यावी.

ही पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. नुसती बोंडी तोंडात गेली तर बाळाला दूध कमी मिळतं आणि आईला चिरा पडतात. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, मान-पाठ एका रेषेत, हनुवटी स्तनात रुतलेली, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला. स्तनाचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडून थोडा दिसतो, खालून जवळजवळ दिसत नाही. आणि चुटूचुटू आवाजाऐवजी सावकाश ओढ, मधे गिळल्याचा आवाज. पाजताना दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. पहिल्या आठवड्यात हे दहा वेळा करावं लागलं तरी वैतागू नये.

शीचा रंगही बोलका असतो. पहिले दोन दिवस काळी-हिरवी, चिकट. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, दाण्यादाण्याची. अंगावर पिणारी काही बाळं प्रत्येक वेळी प्याल्यावर शी करतात आणि ‘हगवण लागली’ म्हणून घाबरवलं जातं. बाळ पीत असेल, शू होत असेल, तर ती हगवण नव्हे. पांढुरकी, मातीच्या रंगाची शी मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

काविळीबद्दल गैरसमज फार. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडा पिवळेपणा येतो, चौथ्या-पाचव्या दिवशी तो वाढतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. नेमका याच सुमारास बाळ दवाखान्यातून घरी आलेलं असतं, आणि बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यांत अंधारी. तिथे पिवळेपणा दिसत नाही. रोज सकाळी बाळाला खिडकीपाशी आणून नाकावर, छातीवर, मग तळपायावर बोटाने हलकं दाबून बघावं. बोट उचलल्यावर कातडी पिवळी दिसते का ते कळतं. पहिल्या चोवीस तासांत आलेला पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा, किंवा दोन आठवड्यांनंतरही न गेलेला, हे तिन्ही दवाखान्याचे विषय. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरते या भरवशावर दिवस घालवू नयेत. दवाखान्यातले निळे दिवे वेगळे, आणि जळगावचं ऊन त्याहून वेगळं.

न्हाऊ-माखू हा तर आजी लोकांचा प्रांत. त्यातलं बरंच चांगलं आहे: तेलाचा हलका हात, आईच्या किंवा मावशीच्या पायांवर पालथं पडून घेतलेली ऊब, त्यानंतरची गाढ झोप. हे मोडीत काढायचं कारण नाही. फक्त काही गोष्टी वजा कराव्यात. पहिले चोवीस तास आंघोळ नको. वजन कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नुसतं पुसून घ्यावं. कानात-नाकात तेल सोडायचं नाही, नाकात फुंकर मारायची नाही. कणकेच्या गोळ्याने लव काढताना कोवळी कातडी सोलवटते. मुलाची असो वा मुलीची, बाळाची छाती थोडी सुजलेली दिसते. ती आईच्या हार्मोन्समुळे, आपोआप ओसरते. ती दाबून ‘दूध काढण्याची’ खोड भयंकर आहे, त्यातून गळू होतं. मुलींना पहिल्या आठवड्यात पांढरा स्राव किंवा किंचित रक्त दिसतं, तेही त्याच कारणाने. डोकं दाबून गोल करणं, नाक ओढून सरळ करणं, डोक्याखाली राईची उशी देणं यांनी काही साधत नाही. झोपवताना उताणंच झोपवावं.

बेंबीला काही लावू नये. हळद नाही, राख नाही, तूप नाही, पावडर नाही. नाळ कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत सुकून पडते. मुळाशी लाली पसरली, पू आला, वास यायला लागला तर वाट बघायची नाही. काजळाचंही तसंच. घरी धरलेलं काय आणि डबीतलं काय, डोळ्यांना त्याचा उपयोग शून्य. बोटावरून जंतू जातात आणि बाजारातल्या काही काजळांत शिसं असतं. दृष्ट लागू नये असं वाटत असेल तर तीट तळपायाला लावावी. बाळगुटी उगाळणाऱ्या सहाणेला कुणी उकळतं का, हा साधा प्रश्न विचारला तरी पुरे. सहा महिने तीही थांबू शकते.

धुरीबद्दल थोडं कठोर व्हावं लागेल. ओवा, शेपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळाला त्या धुरावर धरणं सुखद वाटतं, कपड्यांना तो वास महिनाभर राहतो आणि आठवणीत तर आयुष्यभर. पण धूर तो धूरच. चार-पाच दिवसांच्या फुप्फुसांना ओव्याचा आणि लाकडाचा असा फरक कळत नाही. त्याहून मोठा धोका बंद खोलीतल्या शेगडीचा. दारं-खिडक्या लावून, फटीत चिंध्या कोंबून रात्रभर कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईच्या पाठीला द्यावी.

आता हंगाम. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि तरीही बाळाला कुंची, टोपडं, पायमोजे, वर दुपटं. ‘वारं लागेल’ म्हणून कूलर बंद. अशा वेळी बाळाला आलेला ताप कधी कधी नुसता कोंडलेल्या उष्णतेचा असतो. बाळाचं पोट आणि हात-पाय दोन्ही गरम लागले, तोंड लाल दिसलं, तर कपडे सैल करावेत, गार खोलीत आणून अंगावर पाजावं आणि अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावावा. तरीही ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा अधिक भरला तर तो साधा उन्हाचा ताप समजू नये. लशीनंतरचा थोडा ताप सोडला, तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायचा असतो. कूलर चालतो, झोत थेट बाळावर नको. उन्हाळ्यातही बाळाला पाणी द्यायचं नाही. पाणी आईने प्यायचं. बाळंतिणीला घोटभरच पाणी देण्याची रीत खानदेशच्या उन्हाळ्यात निव्वळ अघोरी आहे. तिचं तोंड सुकतं, डोकं दुखतं, आणि पुन्हा वर ‘दूध कमी’ असा ठपका.

धुळ्याच्या डिसेंबर-जानेवारीची गोष्ट उलटी. पारा एक आकडी होतो आणि बाळ मुकाट्याने गार पडतं. थंडीने बाळ मोठ्या माणसासारखं कुडकुडत नाही. पोट गरम पण तळपाय गार, म्हणजे थंडी वाजतेय. पोटही गार लागलं तर ती आणीबाणी. अशा वेळी सगळ्यांत चांगली ऊब आईच्या, नाहीतर बापाच्या उघड्या छातीची: बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे, छातीला छाती, वरून चादर. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून ती सुरू झाली. अडीच किलोच्या आतल्या बाळांना दिवसातून आठ ते चोवीस तास असं धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतके तास एकटी आई कुठून आणणार? वडील, आजी, मावशी यांनी पाळ्या लावाव्यात. खेड्यात अजून बाप बाळ उघड्या छातीवर घ्यायला लाजतात. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागतात.

वहीच्या शेवटच्या पानावर धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत. बाळाचं पिणं थांबलं किंवा अर्ध्यावर आलं. हाक मारून, तळपायाला टिचकी देऊनही ढिलं पडून राहतं. झटके. ताप किंवा गारठा. हिरवी उलटी. छाती खाली ओढली जाणं, कण्हणं. ओठ-जीभ निळी. आणि जलद श्वास. तो मोजणं अवघड नाही: बाळ शांत असताना, पीत नसताना, पोट किती वेळा वर येतं ते मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मधेच थबकतो, मधेच धावतो. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजावं. दुसऱ्यांदाही तेच आलं तर निघायचं.

यांतलं एकही लक्षण दिसलं तर पोटावर डागणं, अंगारा, गावातल्या कुणाचं तरी इंजेक्शन यांत तास घालवू नयेत. मेळघाटात ‘डंबा’ म्हणून तान्ह्यांची पोटं डागण्याचे प्रकार वारंवार उघडकीला आलेत. तोच सातपुडा चोपडा-यावलपर्यंत उतरला आहे. १०८ला फोन करावा. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय या दोन्ही ठिकाणी आजारी नवजात बाळांचा स्वतंत्र कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळावरचे उपचार आणि नेआण वर्षभरापर्यंत मोफत असतात. नेताना बाळ छातीशी धरून न्यावं आणि पिऊ शकत असेल तर वाटेत पाजत राहावं.

साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या आदिवासी घरांनी आणखी एक चौकशी करावी, ती सिकलसेलची. भिल्ल, पावरा, कोकणा समाजांत हा रक्ताचा आजार आढळतो. पहिले काही महिने बाळ अगदी धडधाकट दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं. लक्षणं नंतर येतात. आई-बाप दोघेही वाहक असतील तर बाळाची तपासणी लवकर करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते.

एवढं सगळं बाळाचं. आईचं पान वहीत बहुधा कोरंच राहतं. तासाभरात कापड पूर्ण भिजेल इतकं रक्त, ताप, घाण वासाचा स्राव, डोकं फुटेल अशी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीत दुखून सूज, स्तनात गरम लाल गाठ: यांतलं काहीही झालं तर बाळाइतक्याच घाईने तिला न्यावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात. त्या सासरी फडताळातच राहून जातात. खाण्यात बाजरीची भाकरी, मेथी, मूग, खारीक-खोबऱ्याचे डिंकलाडू हे उत्तमच. पण लाडवांवर भागवून डाळ, भाजी, फळ बंद करणं चुकीचं. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात, दारात घड लटकत असताना, ‘थंड पडतं’ म्हणून बाळंतिणीला केळं नाकारलं जातं, याला काय म्हणावं!

आणि रडू. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच डोळे भरून येणं, चिडचिड, ‘मला जमणार नाही’ असं वाटणं पुष्कळ जणींना होतं, आणि झोप, आधार मिळाला की दोन आठवड्यांत ओसरतं. मुलगी झाली म्हणून घरातली तोंडं उतरली असतील तर ते ओसरायला वेळ लागतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. दोन आठवडे उलटूनही ती गप्प असेल, बाळ झोपलं तरी झोपत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर ते ‘नाटक’ नव्हे. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बोलणं निघालं तर तिला एकटं न ठेवता थेट रुग्णालयात न्यावं.

पाचवी-सटीच्या रात्री अनेक घरांत सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी मांडतात. ती येऊन बाळाचं नशीब लिहिते अशी श्रद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच लेखणीने जन्मनोंदीचं काम उरकावं. नोंद २१ दिवसांत करायची, आणि जिथे जन्म झाला तिथेच ती होते. सासर धुळ्याला असलं तरी बाळ जळगाव शहरात जन्मलं असेल तर दाखला जळगाव महापालिकेचा. सासरी गेल्यावर त्यासाठी हेलपाटे घालण्यापेक्षा माहेरी असतानाच घ्यावा. नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघावं, कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार आणि दुसरी मुलगी असेल तर सहा हजार रुपये मिळतात. अर्जाचं आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारावं.

बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं. साठ-सत्तर बायका, प्रत्येकीला बाळ घ्यायचंय, मुका घ्यायचाय. पाहुण्यांना नाही म्हणणं खानदेशी घराला जमत नाही. पण दाराशी बादली, मग आणि साबण ठेवता येतो, आणि सर्दी-खोकला असलेल्यांना लांबून ओवाळायला सांगता येतं. पाळण्यात नाव ठेवून झालं की अर्ध्या तासात आई-बाळाला आतल्या खोलीत जाऊ द्यावं. गाणी बाहेर चालू राहिली तरी हरकत नाही.

सव्वा महिना भरतो तेव्हाच सहा आठवड्यांची लस येते. जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांतली हिपॅटायटिस-बी मिळाली आहे का, ते कार्डावर बघावं. आता पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि टोचणी, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, असं एकाच दिवशी दिलं जातं. त्या रात्री बाळ किरकिरतं, मांडी लाल होते, थोडा ताप येतो. तापाच्या थेंबांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून तो लस देणाऱ्या सिस्टरकडूनच कार्डावर लिहून घ्यावा. घरातल्या मोठ्या भावंडाची बाटली वापरू नये. टोचल्या जागी बर्फ, हळद, चोळणं काही नको. दोन दिवसांनंतरही ताप राहिला किंवा बाळ पिईनासं झालं तर दाखवावं. पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात येतात, तोवर आई बहुधा सासरी गेलेली असते. निघण्याआधी माहेरच्या उपकेंद्रात तसं सांगून ठेवावं आणि सासरच्या आशाताईला फोन करावा. तिसऱ्या महिन्यापासून तिच्या तिमाही फेऱ्या सुरू होतात, त्या वेळी वहीतली वजनं तिला उतरवून घेता येतील.